सहा वाटेकरी आणि एक शिडी



इतिहासाच्या तासाला आम्ही जेरुसलेमच्या पवित्र थडग्याच्या चर्चचे चित्र दाखविले, तेव्हा आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, दारावरच्या खिडकीखाली ही शिडी कोण विसरले?" कोणीच विसरलेले नाही. ती शिडी अठराव्या शतकातील चित्रांतही दिसते.

येशूचे दफन जेथे झाले असे मानतात, तेथे हे चर्च आहे. आजची बरीचशी इमारत बाराव्या शतकातील. वाटेकरी सहा पंथ: ग्रीक, रोमन कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, सीरियन आणि इथिओपियन. मुख्य दाराची किल्ली मात्र पिढ्यान्‌पिढ्या एका मुस्लिम घराण्याकडे, आणि दार उघडण्याचा मान दुसऱ्या मुस्लिम घराण्याकडे!

१८५२ साली तुर्की सुलतानाने फर्मान काढले की ज्याच्या ताब्यात जे आहे, ते तसेच राहील. आम्ही हिंदी माध्यमात शिकलो, म्हणून 'यथास्थिति' हाच शब्द जिभेवर येतो. मराठीत 'जैसे थे'. म्हणून शिडीही जैसे थे. तरी भांडणे संपली नाहीत. २००२ च्या उन्हाळ्यात छतावर एका कॉप्टिक साधूने आपली खुर्ची सावलीत सरकवली, आणि मारामारी होऊन अकरा जण रुग्णालयात गेले.

खरी अडचण दुरुस्तीची. जो दुरुस्त करील, त्याचा हक्क सिद्ध होतो; म्हणून कोणी दुसऱ्याला हात लावू देत नाही. इंदूरच्या सामाईक वाड्यांत वाढलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. आमच्या लहानपणी वाड्याच्या जिन्याची एक पायरी मोडली होती. तिन्ही बिऱ्हाडे ती ओलांडून चढत, पण सुतार कोणी बोलावीना.

थडग्यावरची छोटी वास्तू १८०८ च्या आगीनंतर ग्रीकांनी नव्याने बांधली. १९२७ च्या भूकंपाने ती खिळखिळी झाली. १९४७ मध्ये ब्रिटिशांनी तिला लोखंडी तुळयांनी आवळले, आणि त्या तुळया सुमारे सत्तर वर्षे तशाच राहिल्या. २०१५ मध्ये धोका पाहून पोलिसांनी ती काही तास बंद केली, तेव्हा कोठे तीन प्रमुख पंथ एकत्र बसले. २०१६ मध्ये अथेन्सच्या तंत्र विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी काम हाती घेतले. खर्चाला जॉर्डनच्या मुस्लिम राजानेही हातभार लावला. मार्च २०१७ मध्ये काम पुरे झाले, तुळया निघाल्या.

तुळयांसह आणि तुळयांविना अशी दोन्ही चित्रे वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर लावली आहेत. शिडी दोन्ही वर्षी होती, पण ती बाहेरच्या भिंतीवर असल्याने या चित्रांत शोधू नये.