सायबर फॉरेन्सिकची ऑनलाइन पदवी : पैसे भरण्याआधी काय तपासावे?



मी प्राथमिक शाळेतली शिक्षिका. सायबर फॉरेन्सिक हा काही माझा विषय नाही. पण दोन वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील शाळेत आले. मुलगी बारावी सायन्स पास. हातात रंगीत माहितीपत्रक : ‘ऑनलाइन बी.टेक. सायबर फॉरेन्सिक, नोकरीची १०० टक्के हमी’. ते म्हणाले, “बाई, पोरीला हॉस्टेलला ठेवणं जमणार नाही. हे घरी बसून होतंय. तीन हजार भरलेत, उरलेले परवा भरायचेत. तुम्ही एकदा बघता का?”

मी म्हटलं, “भाऊ, परवापर्यंत थांबा. मी बघते.” त्या दोन दिवसांत जे समजलं आणि नंतर वाचून जे कळलं, ते आज आपल्यासमोर मांडते.

हा विषय नेमका काय आहे?

मोबाइल, संगणक, पेनड्राइव्ह यांतला पुरावा न बिघडवता काढणे, तपासणे आणि न्यायालयात टिकेल असा मांडणे, म्हणजे संगणक न्यायसहायक विज्ञान. मुलांना सांगायचं तर असं : मूळ वहीला हात लावायचा नाही, तिची हुबेहूब प्रत काढायची आणि तपासायची ती प्रत. प्रत हुबेहूब आहे हे ‘हॅश’वरून कळतं. एसएचए-२५६ या पद्धतीत फाइल कितीही मोठी असो, तिची ६४ अक्षर-अंकांची एक ओळ तयार होते. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी ती ओळ पूर्ण बदलते.

याला आता कायद्यातही जागा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश नोंदवावा लागतो आणि प्रमाणपत्राचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. त्यामुळे या कामाला माणसं लागणार, हे खरं आहे. पण जिथे मागणी असते तिथे फसवी दुकानंही उघडतात.

प्रवेशाआधी तपासायच्या पाच गोष्टी

१) मान्यता : विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे एवढं पुरेसं नाही. तो अभ्यासक्रम, त्या वर्षासाठी, ऑनलाइन चालवायला यूजीसीची परवानगी हवी. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या (डीईबी) संकेतस्थळावर याची यादी असते. माहितीपत्रकावरचा शिक्का बघू नका, यादी स्वतः उघडा. प्रवेशासाठी विद्यार्थ्याला आता डीईबी-आयडीही काढावा लागतो. संस्था म्हणाली “त्याची गरज नाही”, तर तिथेच थांबा.

२) पदवीचं नाव : यूजीसीच्या २०२० च्या नियमावलीनुसार अभियांत्रिकी, वैद्यकीय, कायदा असे अभ्यासक्रम ऑनलाइन चालवता येत नाहीत. म्हणजे ‘ऑनलाइन बी.टेक.’ हे शब्द दिसले की पत्रक बाजूला ठेवायचं. बीसीए, एमसीए यांसारख्या पदव्या मात्र परवानगी असलेल्या विद्यापीठांतून ऑनलाइन करता येतात. अशी मान्य ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते.

३) प्रवेश कोण देतंय? : विद्यापीठ की मधली एखादी कंपनी? ऑनलाइन पदवी फ्रँचायझीवर चालवता येत नाही, असं यूजीसीने २०२२ मध्ये जाहीर सूचना काढून सांगितलं आहे. फी विद्यापीठाच्याच खात्यावर भरा आणि पावती घ्या.

४) प्रात्यक्षिक : पोहणं जसं पुस्तकातून येत नाही, तसाच हा विषय. विचारा : प्रयोगशाळा ऑनलाइन कशी वापरायला मिळते? हार्ड डिस्कची प्रत काढणं, पुसलेल्या फाइल परत मिळवणं, पुराव्याच्या हस्तांतराची नोंद ठेवणं आणि अहवाल लिहिणं शिकवतात का? कायदा हा विषय आहे का? फक्त व्हिडिओ आणि पर्यायी प्रश्नांची परीक्षा असेल, तर पदवी मिळेल, हात चालणार नाही.

५) नोकरीची जाहिरात उलटी वाचा : ज्या नोकरीचं स्वप्न आहे तिची जुनी जाहिरात काढा. न्यायसहायक प्रयोगशाळा असो, बँक असो की खासगी कंपनी, पात्रतेत कोणती पदवी, कोणता विषय लिहिला आहे ते बघा. मगच अभ्यासक्रम निवडा. आपण नेहमी उलटं करतो आणि तिथेच फसतो.

दुसरे मार्गही आहेत

घराबाहेर राहणं शक्य असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरला राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे. आवड खरी आहे की जाहिरातीने लागलेली, हे बघायचं असेल तर आधी खर्च करू नका. ‘स्वयम्’वरचे अभ्यासक्रम मोफत ऐकता येतात. ‘ऑटॉप्सी’ हे तपासणीचं सॉफ्टवेअरही मोफत मिळतं. आपल्याच पेनड्राइव्हवरचा पुसलेला फोटो शोधायला लावा. चार तास त्यात रमली, तर पोरगी या कामाची.

पुढे काय झालं?

त्या पत्रकावरच्या संस्थेचं नाव यादीत सापडलं नाही. तीन हजार गेले ते गेलेच. वडील गप्प बसले, पण मुलगी म्हणाली, “बाई, मग यादीतलंच शोधू.” यादीतल्या एका विद्यापीठात तिने ऑनलाइन बीसीएला प्रवेश घेतला. आता दुसरं वर्ष सुरू आहे. सेकंडहँड लॅपटॉपवर ती सराव करते आणि पुढे फॉरेन्सिकमध्ये एम.एस्सी. करायचं म्हणते. होईल की नाही, माहीत नाही. पण पाया खरा आहे.

शिक्षक मित्रांनो, आपली मुलं चौथीनंतर शाळेतून जातात, पण पालक अडले की आपल्याकडेच येतात. सगळे विषय आपल्याला येत नाहीत, आणि ते चालतं. यादी कुठे बघायची एवढं सांगता आलं, तरी एखाद्या घरचे पैसे आणि एखाद्या मुलीची तीन वर्षं वाचतात.