पापणी उघडून बघ

सातारा,
ज्येष्ठ अमावास्या

चि. मनू हिस,


तुझं पत्र सकाळी आलं आणि दुपारभर मी त्यातच होतो. पशुवैद्य म्हणून माण तालुक्यातली तुझी पहिली नेमणूक, तिला तीन महिने झाले नाहीत तोच एका मेंढपाळाची नऊ कोकरं तुझ्या डोळ्यांदेखत गेली. अल्बेंडाझोल हे जंताचं औषध पाजून आठच दिवस झाले होते. ‘मामा, औषधाची कंपनी बदलू का?’ असं विचारलंस. नको बदलूस. आधी हे सावकाश वाच.

जबड्याखाली पाणी उतरलेलं, हगवण नाही, मांस बऱ्यापैकी आणि पापणीची आतली बाजू पांढरीफटक, ही लक्षणं बहुतेक हिमॉन्कस जंताची. चौथं पोट उघडून पाहिलंस का, ते लिहिलेलं नाहीस. पुढच्या वेळी तेच आधी उघड. जनावर गार पडायच्या आत उघडलंस तर जंत वळवळताना दिसतील. बोटाच्या पेराएवढे लांब, तांबडा आणि पांढरा दोरा एकत्र पिळावा तसे. तांबडं ते प्यालेलं रक्त, पांढरं ते मादीचं अंडाशय. एका जंतापायी दिवसाला 0.05 मिलिलिटर रक्त जातं. ऐकायला काहीच नाही. पण हजार जंतांपायी रोज 50 मिलिलिटर, आणि पंचवीस-तीस किलोच्या दख्खनी मेंढीच्या अंगात रक्त असतं सगळं मिळून दोनएक लिटर. कोकराचा हिशेब तूच कर.

एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी टाकते. पावसाळी हवेत लेंडीतल्या अंड्याची आठवडाभरात गवतावर चढणारी अळी होते, आणि ती मेंढीच्या पोटात गेली की तीन आठवड्यांत पुन्हा अंडी सुरू. एवढ्या अफाट पैदाशीत काही जंत जन्मतःच वेगळे निघतात. अल्बेंडाझोल जंताच्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटून त्याला मारतं. त्या प्रथिनाच्या जनुकात एका अक्षराचा फरक पडला, की औषधाला चिकटायला जागाच उरत नाही. असा जंत डोस पचवून जगतो, बाकीचे मरतात, आणि पुढची अंडी एकट्या त्याची. फेनबेंडाझोल, ऑक्सफेंडाझोल ही त्याच कुळातली औषधं. म्हणून बाटलीवरचं नाव बदलून काही होत नाही. बदलायचाच तर गट बदलावा लागतो, आणि तोही तपासून.

कारण नवीन गटही फार काळ पुरत नाही. थायबेंडाझोल 1961 मध्ये बाजारात आलं, 1964 मध्ये त्याला न जुमानणाऱ्या जंतांची नोंद झाली. आयव्हरमेक्टिन 1981 च्या सुमारास आलं, ते दशक संपायच्या आत दक्षिण आफ्रिकेतल्या मेंढ्यांत निकामी ठरू लागलं. मोनेपँटेल 2009 मध्ये न्यूझीलंडमध्ये विक्रीला आलं आणि 2013 मध्ये तिथूनच ते हरल्याचं कळलं. घोड्यांचंही हेच झालं, आणि ती हकिगत मला फार शिकवून गेली. अमेरिकेत केंटकीतले संशोधक ड्रज यांनी 1957 मध्ये मेंढ्यांचे जंत फेनोथायझिन या जुन्या औषधाला दाद देत नसल्याचं नोंदवलं होतं. त्यांनीच लायन्स यांच्याबरोबर 1966 मध्ये घोड्यांना दर सहा ते आठ आठवड्यांनी औषध देण्याची पद्धत सुचवली. तेव्हा रक्तवाहिन्या पोखरणारे मोठे स्ट्रॉन्गाइल जंत घोडे मारत होते, आणि त्यांच्यावर ती पद्धत लागूही पडली. पण तीच रीत वर्षानुवर्षं चालू राहिली आणि आतड्यातले लहान स्ट्रॉन्गाइल अनेक देशांत औषधाला निर्ढावले. सल्ला चुकीचा नव्हता. त्याचे दिवस संपले तरी तो कोणी बदलला नाही.

माझंही असंच झालं आहे, ते तुला सांगायलाच हवं. मी नोकरीत असताना उन्हाळ्यात, माळ करपलेला असताना, वाड्यातल्या एकूण एक मेंढीला औषध पाजायला लावत असे. कळप हलवायच्या आदल्या दिवशी ‘सगळ्यांना पाजून घ्या’ हे वाक्य तर माझ्या तोंडात बसलेलं होतं. आता त्याचा अर्थ बघ. उन्हाळ्यात करपलेल्या माळावर अळ्या जवळजवळ नसतात. जे जंत आहेत ते मेंढ्यांच्या पोटात. तेव्हा सगळ्यांना पाजलं की उरतात ते फक्त औषध पचवलेले. पाऊस पडल्यावर माळभर अंडी पसरतात ती त्यांचीच. कळप हलवतानाही तसंच, नव्या स्वच्छ रानात पहिली पेरणी त्याच जंतांची होते. एका म्हाताऱ्या मेंढपाळानं मला विचारलं होतं, ‘डाक्टर, तुमचं औषध आता पाण्यागत का झालंय?’ मी त्याला बाटली बनावट असेल असं सांगितलं. त्याची तीस मेंढरं त्या पावसाळ्यात गेली. बाटली चांगली होती, हे मला फार उशिरा समजलं.

म्हणून तुला सांगतो, सगळ्या कळपाला एकदम पाजू नकोस. औषधानं मरणारे जंत काही मेंढ्यांच्या पोटात, काही गवतावर शिल्लक राहू देत. निर्ढावलेल्यांचा संकर त्यांच्याशी होत राहिला तरच औषध टिकेल. कळपातले बहुतेक जंत थोड्याच जनावरांच्या पोटात असतात, त्यांनाच हुडकायचं.

हुडकायला यंत्र लागत नाही. दक्षिण आफ्रिकेत फाफा मालान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पापणीच्या रंगाचा पाच पायऱ्यांचा तक्ता केला, त्यांच्याच नावावरून त्याला फामाचा म्हणतात. मेंढी उन्हाच्या उजेडात धर, सावलीत नको. अंगठ्यानं वरची पापणी डोळ्यावर हलकेच दाब, दुसऱ्या अंगठ्यानं खालची ओढ, आतली कड बाहेर येईल. रंग तक्त्याला लावून लगेच सोड. फार वेळ ताणून धरलीस तर रंग बदलतो. लालबुंद असेल तिला औषध नाही. फिकी, पांढरी असेल तिला लगेच. मधल्या रंगाची मेंढी गाभण असेल किंवा कोकरू असेल तर हात आखडू नकोस. पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी बघायचं. पापणी लिव्हर फ्लूक या यकृतातल्या जंतानंही पांढरी पडते, तेव्हा ओढ्याकाठी चरणाऱ्या कळपात तेही मनात ठेव.

त्या मेंढपाळाच्या कळपात औषध खरंच निकामी झालंय का, हे मात्र मोजूनच ठरव. दहा-पंधरा मेंढ्यांच्या लेंड्या थेट गुदद्वारातून घे, खाली पडलेल्या नको. अंडी मोज, तोलून डोस दे, दहा ते चौदा दिवसांनी त्याच मेंढ्यांची पुन्हा मोज. घट 95 टक्क्यांच्या खाली असेल तर संशय खरा धर. तोलून म्हणजे ताणकाट्यावर. नजरेच्या अंदाजात मोठ्या मेंढीला हमखास कमी जातं, आणि अपुरा डोस निर्ढावलेपणाला खतपाणीच घालतो. शेळ्यांच्या बाबतीत तर जास्तच सांभाळ. शेळीचं शरीर ही औषधं लवकर बाहेर टाकतं, त्यामुळे अल्बेंडाझोलची मेंढीची मात्रा तिला पुरत नाही. म्हणून लेव्हामिसोल मात्र सढळ हातानं ओतू नकोस, त्यात विषबाधेचं अंतर थोडंच असतं. आणि बाजारातून आणलेलं जनावर थेट कळपात सोडू देऊ नकोस. दुसऱ्याच्या वाड्यातला निर्ढावलेला जंत त्याच वाटेनं येतो.

सगळ्यात अवघड काम आहे मेंढपाळाला पटवणं. नऊ कोकरं गेलेल्या माणसाला ‘अर्ध्या मेंढ्यांना औषध नको’ म्हणशील तर तो तुला वाड्यात पाऊल टाकू देणार नाही, आणि त्याचं चूक नाही. त्याला शब्दांनी पटवू नकोस. पांढऱ्या पापणीची एक आणि लाल पापणीची एक अशा दोन मेंढ्या शेजारीशेजारी धर आणि त्यालाच पापणी उघडायला लाव. जनावर ओळखायची त्याची नजर तुझ्यामाझ्यापेक्षा तयार आहे. औषधाविना वर्ष काढणाऱ्या मेंढ्यांच्या कानाला खूण करायला सांग आणि नर कोकरं त्यांचीच राखायला सांग. ताकद रक्तातून उतरते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातली गरोल मेंढी दख्खनीशी संकरित केली. ती जुळ्या कोकरांसाठी, पण गरोलच्या रक्तात हिमॉन्कसला तोंड देण्याची ताकदही आहे. फलटण तुझ्यापासून फार लांब नाही. एक रविवार काढून जाऊन ये.

अंडी मोजायची माझी काचपट्टी पोस्टानं पाठवली आहे, फडक्यात गुंडाळून; एका कोपऱ्याला टवका आहे, पण रेघा शाबूत आहेत. मृग कोरडा गेला असेल तर पहिल्या जोराच्या पावसानंतर दोन आठवड्यांनी पापण्या बघायला सुरुवात कर. पहिल्या मोजणीचे आकडे, मेंढीगणिक वेगळे, मला लिहून पाठव. सरासरी नको.

तुझा,
मामा