सी आज्ञावलीत पायथन इंटरप्रिटर बसविताना उद्भवणारे दोष व त्यांचे निवारण

सी ही संगणकभाषा १९७० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सिद्ध केली. पायथन ही भाषा नेदरलँड्समधील गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केली. सी वेगवान असली, तरी तीत एखादे सूत्र बदलल्यास आज्ञावली पुन्हा कंपाइल करावी लागते. पायथनच्या ओळी वाचून तत्काळ अमलात आणणाऱ्या यंत्रणेस इंटरप्रिटर म्हणतात. तो सी आज्ञावलीच्या अंतर्भागी बसविल्यास बदलते नियम पायथनमध्ये व मुख्य काम सीमध्ये ठेवता येते. जीडीबी हा दोषशोधक व ब्लेंडर हा त्रिमिती चित्रांचा संच यांत हीच योजना आहे.

या योजनेतील धोका असा की, दोन्ही भाषा एकाच प्रक्रियेत नांदतात. त्यामुळे पायथनच्या बाजूचा गंभीर दोष मूळ आज्ञावलीसही बंद पाडतो आणि न साठविलेली माहिती नष्ट होते. म्हणून दोष कोणत्या टप्प्यावर आहे, हे प्रथम ठरवावे.

१. कंपाइल करताना. ‘पायथन.एच’ ही हेडर फाईल सापडत नसेल, तर पायथनचा विकसन-संच संगणकावर नसतो किंवा त्याचा मार्ग कंपायलरला दिलेला नसतो. ही फाईल अन्य प्रमाण हेडर फाईलींच्या आधी जोडावी.

२. लिंक करताना. फंक्शनांची नावे अपरिचित असल्याची तक्रार लिंकर करतो, तेव्हा पायथनची लायब्ररी जोडलेली नसते. २०१९ मधील ३.८ या आवृत्तीपासून ‘पायथन३-कॉन्फिग’ या साधनास ‘एम्बेड’ हा पर्याय स्पष्टपणे द्यावा लागतो. एरवी ते लायब्ररीचे नाव देत नाही. जुन्या सूचनांवर विसंबणारे येथेच अडतात.

३. आरंभ करताना. ‘एन्कोडिंग्ज’ हे मॉड्यूल सापडत नाही, असे सांगून आज्ञावली थांबते. इंटरप्रिटरला स्वतःचे प्रमाण ग्रंथालय न सापडल्याचे हे लक्षण होय. ‘पायथनहोम’ या परिसर-चलात चुकीचा मार्ग असणे किंवा दोन आवृत्त्यांची सरमिसळ होणे ही त्याची नेहमीची कारणे. ‘पाय_इनिशियलाइझ’ अयशस्वी झाल्यास संपूर्ण प्रक्रियाच संपते. याउलट ३.८ पासून उपलब्ध असलेली ‘पायकॉन्फिग’ रचना वापरल्यास यशापयशाची स्थिती तपासून पुढील निर्णय घेता येतो.

४. मॉड्यूल आणताना. मॉड्यूल आणणाऱ्या फंक्शनने ‘नल’ परत दिल्यास पुढे न जाता ‘पायएर_प्रिंट’ने कारण छापून घ्यावे. बहुधा आपल्या फाईलीची निर्देशिका ‘सिस.पाथ’ या यादीत नसते, अथवा नावाला ‘.पीवाय’ हा प्रत्यय चुकून जोडलेला असतो. पायथनच्या मजकुरात ‘सिस.एक्झिट’ असल्यास मात्र ‘पायएर_प्रिंट’ संपूर्ण प्रक्रिया समाप्त करते, हे ध्यानात ठेवावे.

५. संदर्भगणना करताना. हा दोष सर्वांत फसवा आहे. प्रत्येक वस्तूचा वापर किती ठिकाणी होत आहे, याची मोजणी पायथन ठेवते. ती शून्यावर आली की वस्तू नष्ट होते. ‘पायऑब्जेक्ट_गेटअ‍ॅट्रस्ट्रिंग’ नवा संदर्भ देते; काम संपल्यावर तो ‘पाय_डेकरेफ’ने परत करणे आवश्यक असते. ‘पायलिस्ट_गेटआयटम’ उसना संदर्भ देते. तो परत करावयाचा नसतो. ‘पायटपल_सेटआयटम’ दिलेला संदर्भ स्वतःकडेच ठेवून घेते. परत करणे विसरल्यास स्मृती वाढत जाते. नको तेथे परत केल्यास आज्ञावली कोसळते, आणि तीही बहुधा चुकीच्या जागी नव्हे, तर पुढे भलत्याच ओळीवर. म्हणून प्रत्येक फंक्शनचा हा नियम अधिकृत माहितीपत्रकात पाहून घ्यावा. ‘पायथनमॅलॉक’ या परिसर-चलास ‘डिबग’ हे मूल्य दिल्यास अशा चुका लवकर उघड होतात.

६. अनेक धागे चालविताना. सीने निर्माण केलेल्या धाग्याने पायथनला हाक मारण्यापूर्वी ‘पायगिलस्टेट_एन्शुअर’ने कुलूप मिळवावे व काम होताच ‘पायगिलस्टेट_रिलीज’ने सोडावे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून प्रथम तीनच कामांची आज्ञावली करून घ्यावी : इंटरप्रिटर सुरू करणे, एक ओळ छापणे व तो बंद करणे. ती निर्दोष चालल्यावर एका वेळी एकच भर घालावी. इंटरप्रिटर आरंभी एकदाच सुरू करून अखेरीस एकदाच बंद करावा, कारण काही विस्तार-मॉड्यूले पुनःप्रारंभ सहन करीत नाहीत. या क्रमाने गेल्यास दोष कोणत्या पायरीवर शिरला, हे लगेच कळते आणि शोधात जाणारा वेळ वाचतो.