शेताची सहल कशी ठरवावी?



जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी आमच्या चौथीच्या वर्गाची सहल शेतात जाणार आहे. सहल म्हणले की कुणाला नळदुर्गचा किल्ला आठवतो, कुणाला येडशीचे रामलिंग. म्हणून काही मुले म्हणली, "शेत तर रोजच बघतो, त्याची कशाला सहल?" पण रोज बघितले म्हणजे सगळे कळले असे नाही. शेतात शिकण्यासारखे पुष्कळ आहे आणि जपण्यासारखेही पुष्कळ आहे. म्हणून आधी ठरवून जावे.

शेत कसे निवडले?

गुरुजींबरोबर आम्ही चार मुले तीन शेते बघून आलो. पहिली द्राक्षाची बाग होती. सगळ्यांना तिथेच जायचे होते. पण तिथे फवारणी चालू होती. मालक काका स्वतःच म्हणले, "लेकरं आणू नका." औषधाच्या डब्यावर रंगीत खूण असते. लाल खूण म्हणजे सगळ्यात जहाल विष. मग पिवळी, निळी आणि हिरवी. हिरवी खूण असली तरी डब्याला हात लावू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले होते.

दुसऱ्या शेतात वाटेला लागूनच विहीर होती आणि तिला कठडा नव्हता. तिसऱ्या शेतात ज्वारी, हरभरा, बैल आणि शेळ्या आहेत. विहिरीला कठडा आहे, बसायला लिंबाची सावली आहे. तेच शेत ठरले.

तिथे काय शिकायचे?

१) गणित : ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एक एकर होतो. आम्ही ३३ फुटांची दोरी नेऊन गुंठा मोजणार आहोत.

२) परिसर अभ्यास : ज्वारीची मुळे झुपकेदार असतात. हरभऱ्याचे मुख्य मूळ सरळ खाली जाते व त्याच्यावर बारीक गाठी असतात. त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात. काळी माती ओल धरून ठेवते, म्हणून पावसाळा सरल्यावरही रब्बीची ज्वारी येते.

३) जनावरे : आपल्याकडची उस्मानाबादी शेळी बहुतेक काळी असते. ती पाच महिन्यांनी विते आणि पुष्कळदा जुळी करडे देते. जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले, पण शेळी अजून उस्मानाबादीच आहे.

४) भाषा : तिफण, चाडे, फण, जू, शिवळ ही नावे वस्तू बघून वहीत लिहायची.

काय जपायचे?

१) वर्गात २४ मुले आहेत. १२ जोड्या करायच्या. जोडीदाराला सोडून कुठे जायचे नाही. निघताना, पोचल्यावर आणि परत निघताना हजेरी घ्यायची.

२) विहीर, शेततळे यांच्याजवळ मोठ्या माणसाशिवाय जायचे नाही.

३) मोटारीच्या पेटीला व वायरीला हात लावायचा नाही. पुष्कळ मोटारी ऑटोवर असतात. लाईट आली की आपोआप चालू होतात. कडबा कुट्टी बंद दिसली तरी लांबच उभे राहायचे.

४) बैलाच्या मागून जायचे नाही. दगड उचलायचा नाही, खाली विंचू असतो. पायात बूट घालावेत.

५) साप चावलाच तर पळायचे नाही, गुरुजींना सांगायचे. जखम कापायची नाही, चोखायची नाही, दोरी आवळायची नाही. १०८ ला फोन करून थेट दवाखान्यात न्यायचे. मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही.

६) पाणी घरून न्यायचे. जनावरांना हात लावल्यावर साबणाने हात धुऊन मगच डबा खायचा.

पालकांना विनंती

आमच्याबरोबर गुरुजी आणि बाई आहेत. आणखी दोन पालक पाहिजेत, एक पुढे चालायला व एक सगळ्यात मागे. ज्यांना सवड असेल त्यांनी बाईंना सांगावे. संमतीच्या चिठ्ठीवर सही करताना मुलाला दमा आहे का, काही खाल्ल्याने त्रास होतो का, तेही लिहावे.

आणि एक सांगतो. वर्गातल्या काही मुलांच्या घरी शेत नाही. त्यांचे आईवडील दुसऱ्याच्या शेतात कामाला जातात. खुरपणी, काढणी, पेंढ्या बांधणे ही माहिती त्यांना घरीच विचारून आणता येईल. सहलीच्या दिवशी ती मुले आम्हाला शिकवतील.

— इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी