फुप्फुसाचा रुग्ण आणि त्याच्या जगण्याचे मोजमाप

फुप्फुसाच्या रुग्णास 'आता कसे आहे?' असे विचारले की तो 'बरे आहे' म्हणतो. त्या 'बरे' शब्दात काय काय दडलेले असते, हे मोजण्याची खटपट वैद्यकशास्त्राने चालविली आहे. आपणां भोपाळकरांस तिची ओळख असणे अगत्याचे वाटते.

रुग्ण यंत्राच्या नळीत जोराने फुंकतो व पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली याचा आकडा मिळतो. आकडा उपयोगाचा खरा. परंतु सारखाच आकडा असलेले दोघे घ्या. एकजण बैठ्या जागी हिशेब लिहितो, दुसरी पाण्याचा हंडा घेऊन ईदगाह टेकडीचा चढ चढते. दोघांचे दुखणे सारखे म्हणावे काय? ही उणीव जाणून लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयातील पॉल जोन्स व सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकारंभी एक प्रश्नावली रचली. खोकला व धाप किती. अंघोळ, जिना, चढ यांपैकी कशाने दम लागतो. आणि चारचौघांतला संकोच, भीती, घरच्यांस आपली अडचण होते ही खंत, असे तिचे तीन भाग. गुण ० ते १००. पण शाळेच्या उलट, गुण जितके अधिक तितकी प्रकृती वाईट! ४ गुणांचा फरक पडला तर तो रुग्णाला जाणवण्याजोगा मानतात.

अशा मोजमापाची खरी निकड फुप्फुस-रोपणात दिसते. १९६३ साली अमेरिकेत डॉ. जेम्स हार्डी यांनी पहिले रोपण केले, तो रुग्ण १८ दिवस जगला. १९८३ साली टोरांटोस डॉ. जोएल कूपर यांस टिकाऊ यश आले. आजही निम्म्याच्या आसपास रुग्ण सहा-एक वर्षे काढतात, तीही जन्मभराच्या गोळ्या व संसर्गाची धास्ती घेऊन. मग ती वर्षे कशी गेली, हे विचारावेच लागते. बहुतेकांची चाल व उमेद रोपणानंतर पुष्कळ सुधारते. पुढे शरीराच्या विरोधाने बारीक श्वासनलिका आकसल्या की ती पुन्हा खालावते.

बारीक श्वासनलिकांची हीच व्यथा आपल्या शहराच्याही वाट्यास आली. २-३ डिसेंबर १९८४च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला; वाचलेल्यांपैकी अनेकांत वर्षांनंतरही या नलिकांतील अडथळा आढळला. १९८९च्या तडजोडीनंतर इजेची वर्गवारी कागदपत्रे व तपासण्यांवरून झाली, आणि बहुसंख्य जखमींच्या हाती प्रथम २५,००० रुपये आले. उशीवर उशी रचून बसून काढलेल्या रात्रींना त्या वर्गवारीत रकाना नव्हता, असे माझे मत आहे.

प्रश्नावली परकी असली तर तीही फसते. खेळ खेळताना दम लागतो काय, असे आपल्या आजीबाईंस विचारून काय लाभ? पाणी भरताना, कणीक मळताना, असे विचारावे. आमच्या शेजारच्या एका काकू नेहमी 'बरी आहे' म्हणत. एकदा सहज विचारले, 'काकू, चौक बाजारात शेवटच्या कधी गेलात?' थोडा वेळ आठवून त्या म्हणाल्या, 'अहो, धाकटीच्या लग्नाचा बस्ता बांधायला गेले होते, तेव्हा.' धाकटीचा मुलगा यंदा कॉलेजात गेला आहे.