‘हकीकत’ पाहण्यापूर्वी



चेतन आनंद यांचा ‘हकीकत’ (१९६४) चिरंजीव प्रथमच पाहणार हे उत्तमच आहे. मात्र सुमारे तीन तासांचा हा कृष्णधवल चित्रपट डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या लोकलच्या प्रवासात, मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी पाहू नये, कारण त्यातील बराच काळ थंडीत वाट पाहण्यात आणि माघारीच्या वाटेवर पाय ओढण्यात जातो व नेमका हाच संथ भाग गर्दीत पुढे सरकवला जातो.

१९६२च्या चीन युद्धातील पराभवानंतर दोनच वर्षांत, जखम ओली असताना, हा चित्रपट पडद्यावर आला. लडाखमधील एक प्लाटून, म्हणजे साधारण तीस-पस्तीस जवानांची तुकडी, वेढ्यात सापडते, तिला मागे फिरण्याचा आदेश मिळतो आणि धर्मेंद्रने साकारलेला कॅप्टन बहादूर सिंग शत्रूला थोपवून धरतो. विजयपटांवर पोसलेल्या प्रेक्षकाला ही कथा प्रारंभी अडखळल्यासारखी वाटेल. मदन मोहन यांनी रफी, मन्ना डे, तलत महमूद आणि भूपिंदर यांच्या आवाजांत बांधलेले जवानांचे गाणे तर मुळीच वगळू नये (गाणी वगळून चित्रपट पाहण्याची नवी खोड येथे महागात पडेल). चिनी सैनिक मात्र ढोबळ रेखाटले आहेत. तेथे कलेपेक्षा त्या वर्षांचा संताप अधिक बोलतो.

या कथेची रेझांग ला येथील लढाईशी गल्लत करू नये. ‘ला’ म्हणजे खिंड. १६,००० फुटांहून उंच अशा त्या जागी १८ नोव्हेंबर १९६२ रोजी १३ कुमाऊँ पलटणीची एक कंपनी, म्हणजे अनेक प्लाटून मिळून झालेले सुमारे १२० जवानांचे पथक, मेजर शैतान सिंग यांच्या नेतृत्वाखाली लढली, मधल्या डोंगरामुळे तिला आपल्या तोफांचे साहाय्य मिळू शकले नाही, तरीही ती मागे हटली नाही आणि तिच्यातील ११० हून अधिक जण धारातीर्थी पडले.

पराभवाची कारणे समजून घेण्यासाठी मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचे ‘न सांगण्याजोगी गोष्ट’ वाचावे. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात त्याची चौकशी करता येईल. तथापि चित्रपट आधी पाहावा, कारण नकाशे आणि वरिष्ठांचे निर्णय अगोदरच ठाऊक झाले, तर आपल्याला मागे का बोलावले जात आहे हे न उमगणाऱ्या साध्या जवानाचा संभ्रम पुरता जाणवणार नाही.