जुन्या ट्रकला इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्स : काम घेण्याआधी पूर्ण हिशेब करा



बदलापूरच्या बॅचमध्ये एका मुलाने प्रश्न विचारला. "सर, अमेरिकेत जुन्या ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून इलेक्ट्रॉनिक बसवतात. मी भरपूर व्हिडिओ पाहिलेत. अंबरनाथला गॅरेज टाकून हेच काम सुरू केलं तर? इथे कोणीच करत नाही."

प्रश्न चांगला आहे. पण "इथे कोणीच करत नाही" या वाक्याचे दोन अर्थ निघतात. एक, संधी मोकळी आहे. दोन, लोकांनी हिशेब करून नाद सोडलाय. यातलं खरं कोणतं, ते वही-पेन घेऊन बसल्याशिवाय कळत नाही. आज तेच करू. तुमचा धंदा गॅरेजचा नसला तरी वाचा, हिशेबाची रीत सगळीकडे तीच.

१. आधी काम समजून घ्या

जनरल मोटर्सचा टर्बो हायड्रा-मॅटिक ४०० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स १९६४ मध्ये आला. यात गिअर कधी बदलायचा हे तेलाच्या दाबावर ठरतं. गाडीचा वेग गव्हर्नर सांगतो, इंजिनवर लोड किती आहे ते व्हॅक्यूम सांगतो. कॉम्प्युटर नाही.

१९९१ मध्ये त्याच घराण्यातला ४एल८०-ई आला. यात कॉम्प्युटर हुकूम देतो आणि सोलेनॉइड तेलाची वाट उघडतात किंवा बंद करतात. पहिले तीन गिअर जवळपास तेच : २.४८, १.४८ आणि १.००. वर चौथा मिळतो, ०.७५ चा. म्हणजे हायवेला जिथे इंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेत होतं, तिथे त्याच वेगाला साधारण १,८०० घेतं. आवाज कमी, इंधन कमी. ग्राहक पैसे मोजतो ते या फायद्यासाठी. शिवाय तिथे असे ट्रक भरपूर, म्हणून कंट्रोलर आणि तयार वायरिंग दुकानात मिळतं.

२. ग्राहक पार्ट मागतो, तुम्ही काम विकता

ग्राहक म्हणतो, "बॉक्स मी आणतो, तुम्ही फक्त बसवा." या "फक्त"मध्ये काय काय लपलंय बघा :

- नवा बॉक्स लांब असतो. म्हणून प्रोपेलर शाफ्ट कापून, पुन्हा बॅलन्स करून घ्यावा लागतो.
- बॉक्स ज्यावर टेकतो तो क्रॉस मेंबर मागे सरकवावा लागतो.
- कंट्रोलर, वायरिंग आणि स्पीड सेन्सर लागतात.
- ॲक्सिलरेटर किती दाबला हे कॉम्प्युटरला कळायला सेन्सर हवा. जुन्या डिझेल इंजिनचा पंप मेकॅनिकल असतो, तिथे तो लिव्हरवर वेगळा बसवावा लागतो.
- ऑइल कूलरच्या लाइन, स्पीडोमीटरची जोडणी, आणि शेवटी लॅपटॉप लावून सेटिंग व रोड टेस्ट.

यातलं एक जरी राहिलं तरी गाडी झटके देते. झटके दिले की गाडी तुमच्याच दारात परत येते. आणि दुसऱ्यांदा आलेल्या गाडीची मजुरी कोणी देत नाही, बरं का!

३. आता वहीत मांडा

हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा, मजुरी ठरली १५,००० रुपये. नवशिक्याला खूप वाटते. पण बॉक्स काढणं-घालणं २ दिवस, शाफ्ट लेथवाल्याकडून येईपर्यंत २ दिवस, वायरिंग २, सेटिंग आणि टेस्ट ३. एकूण ९ दिवस गाडी तुमच्या पिटवर उभी.

तुमच्याकडे पिट एकच आहे. एरवी त्याच पिटवर क्लच, ब्रेक, सर्व्हिसची कामं करून खर्च वजा जाता दिवसाला समजा २,५०० सुटतात. ९ गुणिले २,५०० म्हणजे २२,५००. मजुरी १५,०००. म्हणजे एवढं मोठं काम करून ७,५०० नी तुम्ही मागे, आणि हेल्परचा जादा वेळ अजून धरलेलाच नाही. याला मी "अडकलेल्या जागेचा खर्च" म्हणतो. तो बिलात दिसत नाही, म्हणून नव्या माणसाला दिसतच नाही.

बहुतेक छोटे धंदे काम नाही म्हणून बसत नाहीत. चुकीच्या भावाने घेतलेल्या कामाखाली बसतात.

४. आपल्या भागात हे काम आहे का?

आपल्याकडचा जुना माल म्हणजे १९८६ पासून धावणारी टाटा ४०७ आणि तिच्यासारख्या गाड्या. सगळ्या हाताच्या गिअरच्या. काढायला जुना ऑटोमॅटिकच नाही, तर बदलणार काय? जुनी आयात केलेली पिकअप असलेला शौकीन एखादा भेटेल. पण एका शौकिनावर गॅरेजचं भाडं निघत नाही.

दुसरं, वापर. आनंदनगर एमआयडीसीतून माल भरून उल्हासनगरच्या श्रीराम चौकातून कल्याणकडे जाणाऱ्या टेम्पोला तो चौथा गिअर लागणार कधी? ट्रॅफिकमध्ये ओव्हरड्राइव्हचा फायदा मिळत नाही.

तिसरं, पाऊस. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली होती, आठवतंय ना? आपल्या भागात खाली बसवलेल्या कनेक्टरमध्ये पाणी जाणं ही नेहमीची गोष्ट धरून चालायची. कंट्रोलर केबिनमध्ये उंचावर घेतला नाही तर पहिल्याच पावसाळ्यात फोन येणार.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसी बुकातला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. परवानगी नसलेले पार्ट बसवून बदल केला तर कलम १८२ए(४) खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमचा बदल यात बसतो की नाही, हे गॅरेजवाल्याने ठरवायचं नसतं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरसाठी कल्याणचं आरटीओ कार्यालय आहे, एमएच ०५. तिथे आधी लेखी विचारा, विमा कंपनीलाही कळवा. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं. तिथे अडली तर त्या माणसाची रोजीरोटी थांबते, आणि नाव तुमचं खराब होतं.

५. मग करायचं काय?

त्या मुलाला मी "सोडून दे" म्हणालो नाही. त्याने व्हिडिओ बघून जे शिकलं ते सोन्यासारखं आहे. फक्त ते विकायची जागा बदला.

२०१४ मध्ये मारुती सेलेरिओ आली आणि आपल्याकडे एएमटी सर्वसामान्यांपर्यंत पोचली. एएमटी म्हणजे बॉक्स हाताच्या गिअरचाच, पण क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम कॉम्प्युटरच्या हुकमाने होतं. मोठ्या ट्रकमध्येही आता एएमटी येते. या गाड्या वॉरंटीबाहेर पडल्या की मालक जवळचं गॅरेज शोधतो. तिथेही सेन्सर, वायरिंग, ॲक्च्युएटर हेच तपासायचं असतं. म्हणजे कौशल्य तेच, पण आरसीला हात नाही, पिट ९ दिवस अडकत नाही.

म्हणून सुरुवात अशी करा :

- तपासणीचे पैसे वेगळे घ्या आणि बोर्डवर लिहा. दोष शोधणं हे काम आहे, फुकटची सेवा नाही.
- कोटेशन लेखी द्या. काय धरलंय त्याच्या शेजारी काय धरलेलं नाही, तेही लिहा.
- ग्राहकाने आणलेल्या पार्टची वॉरंटी तुमची नाही, हे आधी सांगा. नंतर सांगितलं की भांडण होतं.
- मोठ्या कामाला ॲडव्हान्स घेतल्याशिवाय गाडी पिटवर चढवू नका.
- जे काम नको त्याला गोड बोलून "नाही" म्हणा आणि जमेल त्याचा पत्ता द्या. तो ग्राहक पुढच्या वेळी तुमच्याकडेच येतो.

आजचा होमवर्क

तुमच्या धंद्यातलं मागच्या तीन महिन्यांतलं सगळ्यात मोठं काम घ्या. त्यात जागा, मशीन किंवा माणूस किती दिवस अडकला ते लिहा. त्या दिवसांत एरवी किती सुटले असते ते वजा करा. उरलेला आकडा हीच तुमची खरी कमाई. धंदा अजून सुरू केला नसेल तर ओळखीच्या एखाद्या दुकानदाराजवळ बसून त्याचा हिशेब मांडा.

आकडा उणे आला तर लाज वाटून घेऊ नका. वहीत सापडलेला तोटा पुढच्या कोटेशनमध्ये दुरुस्त करता येतो.

भेटू पुढच्या पाठात. तोपर्यंत वही उघडी ठेवा!